शिरवाळ्यांचा साचा आणि पाण्याचा पाईप



मागच्या अंकात कुकरच्या शिट्टीबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका वाचक काकूंनी विचारलं, "शिट्टी कळली. पण तुझे वडील पाईपच्या कारखान्यात होते असं तू लिहिलं होतंस. पाईप कसा बनतो, ते कधी लिहिणार?"

काकू, खरं सांगतो. आजवर लिहिलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. माझं शिक्षण बीई, पण कॉम्प्युटरमधलं. शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचो, "बाबा पाईपच्या कंपनीत आहेत." पुढे कुणी काही विचारायचं नाही, मीही घरी येऊन विचारलं नाही. बाबा पेडण्याहून स्कूटरने निघायचे. धारगळ, कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा, मुळगाव करत डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पोचायचे. खनिजाच्या ट्रकांचे दिवस होते, त्यामुळे परतताना शर्टाची कॉलर लाल झालेली असायची. रात्रपाळी असली की आम्ही शाळेला निघायच्या वेळी ते झोपायला जायचे. एका छोट्या कारखान्यात, एकाच लाईनवर, सत्तावीस वर्षं.

गेल्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेलो तेव्हा आईने शिरवाळे करायला घेतले, आणि त्या दुपारी मला हे सगळं कळलं.

आधी शिरवाळे

पेडणे, डिचोली, सावंतवाडी भागातल्या वाचकांना शिरवाळे सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी थोडक्यात: तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मळायची, तिचे मुटके करायचे आणि ते उकळत्या पाण्यात शिजवायचे. शिजले की वर तरंगतात. मग गरम असतानाच एकेक मुटका लाकडी साच्यात घालायचा आणि वरून दांडा दाबायचा. साच्याच्या तळाशी बारीक भोकांची पितळी चकती असते, तिच्यातून शेवया खाली ताटात उतरतात. बाजूला नारळाचा दाट रस, गूळ आणि वेलची. खाणं सोपं, दाबणं कठीण. आमच्याकडे दाबायला नेहमी दोघं लागतात. यंदा मी आणि बाबा होतो.

पहिला घाणा झकास उतरला. दुसरा मुटका आईने काढला आणि नेमका मला ऑफिसचा फोन आला. पाचएक मिनिटांनी परत येऊन दाबायला लागलो तर दांडा हलेना. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा चकतीच्या एका बाजूने जाड शेवया पडल्या, दुसऱ्या बाजूने तुटक तुकडे, आणि वरच्या फटीतून पीठ बाहेर आलं.

आई म्हणाली, "गार झालं रे. गार झालं की एकसारखं येत नाही."

बाबा हसले आणि म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी हेच केलं. आमचं मशीन म्हणजे हाच साचा. फक्त थांबायचं नाही."

या कामाला एक्स्ट्रूजन म्हणतात. मऊ केलेला पदार्थ जोराने एका भोकातून ढकलायचा. भोकाचा आकार तोच मालाचा आकार. भोक गोल असेल तर दोरा, सपाट असेल तर पट्टी. ज्या भोकातून माल निघतो त्याला कारखान्यात ‘डाय’ म्हणतात. आपली पितळी चकती म्हणजे डायच.

न थांबणारा साचा

शिरवाळ्यांच्या साच्याची अडचण म्हणजे एक मुटका संपला की थांबावं लागतं. चकलीच्या सोऱ्याचंही तसंच. सहा-सहा मीटरचे पाईप दिवसरात्र काढायचे तर असं थांबून कसं चालेल?

त्यावरचा उपाय म्हणजे स्क्रू. खिमा करायचं हाताने फिरवायचं यंत्र पाहिलं असेल, त्यात असतो तसा. एका लांब पोलादी नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, स्क्रू फिरत असतो. मागच्या टोकाला वरून नरसाळ्यासारख्या हॉपरमधून माल पडतो. स्क्रूच्या आट्या तो पुढे नेतात. पुढे जाताना आट्यांमधली जागा कमी कमी होत जाते, त्यामुळे माल दाबला जातो, तापतो, मऊ होतो आणि शेवटी डायमधून बाहेर पडतो. मागून माल पडत राहिला की पुढून पाईप निघत राहतो.

इथे मी बाबांना विचारलं, "स्क्रू फिरला की माल पुढेच का जातो? तो स्क्रूबरोबर नुसता गोल का फिरत नाही?" बाबांनी खिळ्यांच्या डब्यातून एक नट-बोल्ट काढून दिला. नट बोटांत घट्ट धरून बोल्ट फिरवला तर नट पुढे सरकतो. नट सोडून दिला तर तो बोल्टबरोबर नुसता फिरत राहतो. मशीनमध्ये माल म्हणजे नट, आणि त्याला धरून ठेवणारी बोटं म्हणजे बॅरलची आतली भिंत. म्हणून मालाने भिंतीला चिकटावं आणि स्क्रूवरून घसरावं लागतं. स्क्रू झिजला, खरखरीत झाला की माल पुढे ढकलण्याचं काम ढिलं पडतं. पीव्हीसीच्या पाईपसाठी बहुतेक वेळा एकमेकांत गुंतलेले दोन स्क्रू असतात. ते माल निसटू देत नाहीत, कप्प्याकप्प्याने पुढे नेतात.

आणि उष्णता? मला वाटायचं बॅरलभोवतीचे हीटर सगळं काम करतात. पण मशीन एकदा चालू लागलं की बरीचशी उष्णता माल स्क्रूमध्ये मळला जातो, घासला जातो, त्यातूनच येते. कधी कधी ती इतकी वाढते की बॅरलला पंख्याने गार करावं लागतं.

पाईप आतून पोकळ कसा?

हा प्रश्न घरातल्या मुलांना विचारून बघा. शेवई भरीव असते. पाईप पोकळ, मॅकरोनीसुद्धा पोकळ. गोल भोकातून पोकळ वस्तू कशी निघते?

उत्तर असं: भोकाच्या मधोमध एक भरीव गाभा बसवलेला असतो आणि माल त्याच्या भोवतालच्या फटीतून बाहेर येतो. पण हा गाभा हवेत तर लटकणार नाही. त्याला धरायला तीन-चार पाय लागतात, आणि ते मालाच्या वाटेतच येतात. कारखान्यात या भागाला ‘स्पायडर’ म्हणतात, कोळ्यासारखे पाय असतात म्हणून. ओढ्यातलं पाणी दगडापाशी दुभंगतं आणि पुढे परत एक होतं, तसा वितळलेला माल प्रत्येक पायापाशी दुभंगतो आणि पुढे जुळतो. पुरेसा गरम असेल आणि पुरेसा दाब असेल तर तो असा जुळतो की खूण राहत नाही. तसं नसेल तर पाईपच्या लांबीभर एक अदृश्य शिवण राहते. पुढे कधी दाब वाढला की पाईप त्याच रेषेवर उभा फाटतो.

बाहेर आलेला पाईप अजून मऊ असतो. शिरवाळ्याची शेवई भोकापेक्षा किंचित जाड होते, तसा तोही बाहेर पडल्यावर फुगतो. डायमध्ये चेपले गेलेले प्लॅस्टिकचे लांब लांब रेणू मोकळे झाले की आखडतात, म्हणून हे होतं. मग मापात कसा आणायचा? पाईप लगेच एका पितळी कड्यातून निर्वात टाकीत जातो. टाकीतली हवा ओढून घेतलेली असल्याने पाईप बाहेरच्या बाजूला ओढला जातो, कड्याच्या आतल्या भिंतीला टेकतो आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली त्याच मापात गार होतो. पुढे दोन्ही बाजूंनी रबरी पट्ट्यांनी धरून त्याला ओढणारं यंत्र असतं, त्याला ‘हॉल-ऑफ’ म्हणतात. त्याच्याही पुढे करवत.

हे ओढणारं यंत्र लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

वास, पाऊस आणि गेलेली वीज

पाईपचा माल म्हणजे पीव्हीसीची पांढरी पावडर. रत्नागिरीजवळ फिनोलेक्सचा कारखाना १९९४ पासून ती बनवतो. नुसती पावडर मशीनला चालत नाही, कारण पीव्हीसी मऊ होण्याचं तापमान आणि जळायला लागण्याचं तापमान एकमेकांच्या फार जवळ आहे. बॅरलमध्ये ते साधारण १६० ते १९० अंशांत ठेवतात. त्याच्या वर फार काळ राहिलं तर ते पिवळं, मग तपकिरी होतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं. म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात, घसरण्यासाठी मेण घालतात, थोडी खडूची पूड आणि रंग घालतात. पूर्वी स्टॅबिलायझरमध्ये शिसं सर्रास असायचं. पाण्याच्या पाईपमधलं शिसं हटवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम काढले.

बाबा म्हणतात, मीटर बघण्याआधी नाकाला कळायचं. माल बरा असला तर वास कोमट मेणासारखा. बिघडायला लागला की नाकात सुई टोचल्यासारखं व्हायचं. आवाजावरूनही कळायचं. स्क्रूवर भार वाढला की मोटर वेगळीच घुमते.

पावसाळा म्हणजे दुहेरी त्रास. एक म्हणजे दमट हवा. पावडरने पाणी धरलं की बॅरलमध्ये त्याची वाफ होते आणि पाईपवर बारीक फोड, खड्डे येतात. बॅरलला वाफ ओढून घ्यायची वाट ठेवलेली असते, पण तिलाही मर्यादा आहे. "जुलैत पोत्याचं तोंड उघडं ठेवायचं नाही," हा बाबांचा नियम. आमच्या घरी तांदळाच्या पिठाच्या डब्याला तो आजही लागू आहे.

दुसरा त्रास विजेचा. वादळात वीज गेली की स्क्रू थांबतो, पण आतला माल गरमच असतो आणि तो तिथेच जळायला लागतो. मग डाय गरम असतानाच उघडायचा आणि हाताने साफ करायचा. तेही पितळी पट्टीने. लोखंडी हत्याराने डायला ओरखडा गेला तर पुढच्या प्रत्येक पाईपवर तो ओरखडा उमटणार. बाबांच्या उजव्या मनगटावर दोन चकचकीत डाग आहेत. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा "स्कूटरचा सायलेन्सर लागला" असं सांगितलं होतं. सायलेन्सर मनगटाला कसा लागेल, हा विचार मी त्या दुपारपर्यंत केला नव्हता.

आपल्या आजूबाजूला

एकदा हे कळलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. घराच्या स्लायडिंग खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या अशाच बनतात. त्यात ॲल्युमिनियम वितळवत नाहीत. ते ६६० अंशांना वितळतं, पण त्याचा ओंडका ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवून, घट्टच अवस्थेत, प्रचंड जोराने डायमधून ढकलतात. विजेच्या तारेवरचं आवरणही असंच. तांब्याची तार डायच्या मधून जाते आणि प्लॅस्टिक तिच्याभोवती नळीसारखं बसतं. गोव्यात वेर्णा आणि उसगाव इथे केबलचे कारखाने आहेत, तिथे हेच काम चालतं. मोरजी-केरीच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा नायलॉनचा दोराही बारीक भोकांतून काढलेला आणि मग ओढून मजबूत केलेला. जळगावची ठिबक सिंचनाची नळी, टूथपेस्ट, वायरकट विटा, मुलांच्या हातातल्या मक्याच्या कुरकुरीत कांड्या, सगळी एकाच कुळातली.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये शिशाच्या नळ्या काढण्यासाठी असं यंत्र नोंदवलं. म्हणजे सुरुवातच पाण्याच्या पाईपने झाली. पुढे झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाचं आवरण तारांवर याच पद्धतीने चढवता येऊ लागलं, त्यामुळे समुद्राखालून तारा टाकणं शक्य झालं. १८७० मध्ये मुंबई एडनमार्गे अशा केबलने ब्रिटनशी जोडली गेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं पोट ज्या इंटरनेटवर चालतं त्याच्या समुद्राखालच्या फायबर केबलवरचं आवरणही असंच ढकलून चढवलेलं असतं.

दहाचे अकरा

आता त्या ओढणाऱ्या यंत्राकडे येऊ.

शिरवाळे खाऊन झाले, आई पडली, आम्ही दोघं पडवीत बसलो. मला एक जुनी गोष्ट आठवली. दहावीत असताना एप्रिलमध्ये आमच्या विहिरीवरून माडांच्या बागेत गेलेला पाईप फुटला होता. टाकून दोन वर्षंही झाली नव्हती. बाबांनी फुटलेला तुकडा कापून काढला, त्याच्या कडेवरून अंगठा गोल फिरवला आणि काही न बोलता तो गोठ्यामागे नेऊन टाकला. दुकानदाराशी भांडतील असं आम्हाला वाटलं होतं. ते भांडले नाहीत. नवीन पाईप आणला, जोडला, विषय संपला. त्या पंधरवड्यात दोन माड मात्र वाळले.

मी विचारलं, "तेव्हा भांडला का नाहीत?"

बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला एक गणित घालून दिलं. ते इथे देतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पाईपचं बाहेरचं माप पितळी कडं ठरवतं. ते बदलत नाही. जाडी ठरते दोन गोष्टींवर: स्क्रू मिनिटाला किती माल देतो, आणि ओढणारं यंत्र किती वेगाने ओढतं. माल तेवढाच देऊन ओढायचा वेग दहा टक्के वाढवला, तर दहा पाईपच्या मालात अकरा पाईप होतात. समजा ११० मिलिमीटरचा पाईप आहे आणि त्याची भिंत ४ मिलिमीटरची आहे. पीव्हीसीची घनता साधारण १.४ धरली तर एका मीटरचं वजन सुमारे १ किलो ८६५ ग्रॅम येतं. वेग दहा टक्के वाढवला की भिंत ३.६ मिलिमीटरवर येते. म्हणजे साधारण एका लग्नपत्रिकेच्या जाडीएवढा फरक. सहा मीटरच्या एका पाईपमागे किलोभर माल वाचतो. बाहेरून पाईप तोच, चकाकी तीच, छापही तोच. पाण्याचा दाब सहन करायची ताकद मात्र त्याच प्रमाणात घटते.

बाबा म्हणाले, "एका उन्हाळ्यात मागणी फार होती. रात्रपाळीला वरून निरोप यायचा, थोडं वाढव. एक बटण असतं, फिरवायचं. मी फिरवलं. दोन महिने फिरवलं."

"मग?"

"मग आपला पाईप फुटला. कडेला अंगठा लावला आणि मला कळलं की हे कसं होतं. तो आमच्याच लाईनचा होता असं नाही, छाप पुसला गेला होता. पण कुणाच्या तरी बागेत आमचा असणारच ना? दुकानदाराशी कुठल्या तोंडाने भांडू?"

त्यानंतर निरोप आला की बाबा म्हणायचे, "लेखी द्या, वाढवतो." लेखी कधी आलं नाही. पगारवाढीच्या वेळी मात्र त्यांचं नाव मागे राहायचं, आणि पुढचे अनेक उन्हाळे रात्रपाळी त्यांच्याच वाट्याला आली. आईला हे सगळं माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी त्या वर्षांत घरी बीईच्या फीसाठी कटकट करत होतो आणि "बाबा, तुम्हाला प्रमोशन का मिळत नाही?" असं विचारत होतो.

पडद्यावरचा आकडा

आता गंमत बघा. मी पर्वरीला ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. मशीनवरच्या सेन्सरचे आकडे गोळा करायचे आणि पडद्यावर दाखवायचे. एक्स्ट्रूजनच्या नव्या लाईनवर हॉपर वजनकाट्यावर बसवलेला असतो. दर क्षणी किती माल कमी झाला ते कळतं, ओढायचा वेग कळतो, आणि एकाला दुसऱ्याने भागलं की मीटरमागे किती ग्रॅम माल गेला ते जागच्या जागी समजतं. बाबांच्या अंगठ्याला पाईप फुटल्यावर जे कळलं, ते इथे पाईप बनत असतानाच दिसतं.

मी लॅपटॉप आणून बाबांना नमुन्याचा पडदा दाखवला. आलेख हिरवा, मर्यादा ओलांडली की लाल. मला वाटलं बाबा खूश होतील. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. पहिला प्रश्न विचारला, "यात वास येतो का?" मी हसलो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र हसू आलं नाही.

"ही मर्यादा कोण ठरवतं?"

मी म्हणालो, "कंपनीवाले. सेटिंगमध्ये आकडा टाकतात."

"म्हणजे बटणच."

बरोबर होतं. आमच्या त्या आवृत्तीत मर्यादा कुणीही बदलू शकत होतं आणि कुणी, कधी बदलली याची नोंद कुठेच राहत नव्हती. सुट्टीवरून परतल्यावर मी टीममध्ये हा मुद्दा मांडला. मर्यादा बदलली तर नाव, वेळ आणि जुना आकडा नोंदला जावा आणि ती नोंद पुसता येऊ नये, एवढंच. "ग्राहकाने मागितलेलं नाही," असं उत्तर आलं. दोनदा नाकारलं गेलं, तिसऱ्यांदा स्वीकारलं गेलं. आता ती सोय आहे. बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे लेखी द्यावं लागतं आता. बरं झालं."

पाईप घेताना

या सदराच्या रिवाजाप्रमाणे शेवटी थोडं कामाचं.

पाण्याचा पीव्हीसी पाईप घेताना त्याच्यावर आयएसआयची खूण आणि ‘आयएस ४९८५’ हा क्रमांक बघा. बनवणाऱ्याचं नाव, व्यास, दाबाचा वर्ग आणि बॅच क्रमांक छापलेला असायला हवा. कापलेल्या टोकावरून अंगठा गोल फिरवा. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक लागलं तर डायचा गाभा मध्यावर नाही. शक्य असेल तर व्हर्नियरने जाडी मोजा. नुसत्या वजनावर जाऊ नका. खडूची पूड पीव्हीसीच्या जवळपास दुप्पट जड असते, त्यामुळे बारीक भिंतीचा पण खडू जास्त असलेला पाईपही वजनाला बरोबर भरू शकतो. तो कापताना ठिसूळ लागतो, बारीक कपचे उडतात. आणि पीव्हीसीचा पाईप उघड्या उन्हात टाकू नका, उन्हाने तो कडक आणि ठिसूळ होतो. पुरा, नाहीतर रंग द्या.

मुलांसाठी एक प्रयोग. निळ्या रेघांच्या काळ्या एचडीपीई पाईपचा एक छोटा तुकडा आणि राखाडी पीव्हीसीचा एक तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. काळा तरंगेल, राखाडी बुडेल. त्या निळ्या रेघा रंगवलेल्या नसतात. बाजूला दुसरं छोटं मशीन असतं, ते त्याच डायमध्ये निळा माल सोडतं. नखाने खरवडून बघा, जात नाहीत.

गोव्यातल्या गावागावांत घरोघरी नळ पोचला तो अशाच पाईपांतून. २०२० मध्ये गोवा हे ग्रामीण भागात शंभर टक्के नळजोडण्या असलेलं पहिलं राज्य ठरलं. आमच्या पेडण्याच्या नळाला चांदेलच्या प्रकल्पाचं पाणी येतं. सकाळी नळ सोडला की मला आता जमिनीखालच्या त्या पाईपच्या भिंतीची आठवण होते, आणि कुठल्यातरी लाईनवर रात्रपाळीला बटणाशेजारी उभ्या असलेल्या माणसाची.

काकू, उशीर झाला, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बाबांना हा लेख वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, "दोन महिने नव्हे, अडीच." वर मी दोनच ठेवले आहेत, कारण त्या दुपारी ते तसं म्हणाले होते. पण खरा आकडा अडीच.

पुढच्या अंकात भेटूच. शिरवाळे करणार असाल तर फोन बंद ठेवा.